न बघता सापडणारी कळ

सेसना १७२ च्या कॉकपिटमध्ये इंजिनाचे दोन नॉब शेजारीशेजारी असतात. डावीकडचा काळा, गोल, गुळगुळीत, तो थ्रॉटल. उजवीकडचा तांबडा, कडेने उठावाचे दाते असलेला; तो मिक्श्चर. इंजिनात जाणाऱ्या हवेत इंधन किती मिसळायचं ते हा ठरवतो. थ्रॉटल मागे ओढला की इंजिन मंदावतं, मिक्श्चर पूर्ण मागे ओढला की बंद पडतं. उतरताना वैमानिकाची नजर धावपट्टीवर असते आणि हात या दोघांच्या आसपास. अशा वेळी तांबडा काय नि काळा काय, नॉबकडे कोणी बघतच नसतं. बोटांना दाते लागले की हात थांबतो. शिवाय तांबड्या नॉबच्या टोकाला एक छोटं बटण असतं. ते अंगठ्याने दाबून धरलं तरच नॉब सरळ मागे येतो.

घरच्या सिम्युलेटरसाठी पॅनेल करायला घेतलं तेव्हा सगळ्यात आधी मी हे दोन नॉब करून घेतले. भोसरीत ओळखीचा लेथवाला आहे, त्याला कागदावर आकृती काढून दिली. त्याने विचारलं, "हे दाते कशाला? पकड चांगली यावी म्हणून का?" मी म्हटलं, "नाही, चुकून पकडला तर सोडून द्यावा म्हणून." त्याला लगेच उमगलं. आकृतीत होते त्यापेक्षा त्याने दाते जरा ठसठशीत काढले आणि ते बरोबरच होतं.

कारखान्यांची कंट्रोल पॅनेल बनवण्यात माझी हयात गेली. पत्र्यात कटआउट मारायचे, सिलेक्टर स्विच आणि पुशबटणं बसवायची, प्रत्येक वायरीला लग मारून नंबरचं फेरूल चढवायचं, सगळ्या वायरी चॅनेलमधून सोडायच्या आणि शेवटी मल्टिमीटर घेऊन एकेक जोडणी तपासायची. त्यामुळे घरच्या पॅनेलचं वायरिंग मला नवीन नव्हतं. नवीन होता तो प्रश्न, की ही सगळी खटपट हवी कशाला? विमान पडद्यावर उडतच होतं. माउसने स्विच दाबले जात होते, कीबोर्डवरून फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या पट्ट्या, खाली येत होते. मग प्लायवूड कापून, भोकं पाडून, खरे स्विच जोडून असं काय हाती येणार होतं?

याचं उत्तर मला सिम्युलेटरच्या इतिहासात सापडलं. १९२९ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांनी वैमानिकांच्या शिक्षणासाठी एक यंत्र तयार केलं. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता, म्हणून हाताशी होतं ते साहित्य ऑर्गनचं : हवेचे पंप, झडपा आणि आपल्या पेटीत असतात तसे भाते. लाकडी डब्यात शिकाऊ माणूस बसायचा, त्याने दांडा ओढला की भात्यात हवा भरायची किंवा सुटायची आणि डबा कलायचा. सुरुवातीला त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराच्या हवाई दलावर टपाल वाहण्याची जबाबदारी आली, खराब हवेत नुसत्या उपकरणांवर उडण्याची सवय नसलेले वैमानिक मृत्युमुखी पडू लागले, आणि मग लष्कराला लिंकच्या डब्याची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात बसून शिकले. त्या डब्यावर झाकण ओढलं की बाहेरचं काहीही दिसत नसे. आकाश नाही, जमीन नाही, धावपट्टी नाही. समोर घड्याळं आणि हातात दांडा, एवढंच.

पुढे ब्रूस आर्टविक यांनी १९८० च्या सुमारास ॲपल टू संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर आणला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएमच्या पीसीवर आला. तेव्हाच्या पडद्यावर चार रेघांचं जग होतं. आज त्याच नावाच्या सिम्युलेटरमध्ये उपग्रहावरून टिपलेली सगळी पृथ्वी आहे, सह्याद्रीच्या रांगा ओळखू येतात, ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकतात. डोळ्यांसाठी चाळीस वर्षं इतकं काम झालं. हात मात्र पुष्कळ घरांत अजून कीबोर्डवरच आहेत. लिंकच्या डब्यात डोळ्यांना काही नव्हतं आणि हाताला सगळं होतं; आपण बरोबर उलट्या टोकाला येऊन पोचलो.

हे कुठे बोचतं, ते उंची दाखवणाऱ्या घड्याळापाशी कळतं. अल्टिमीटर हवेचा दाब मोजून उंची सांगतो. त्या दिवशीचा, त्या ठिकाणचा दाब त्याच्या छोट्या खिडकीत नॉब फिरवून लावून द्यावा लागतो. एक हेक्टोपास्कल इकडेतिकडे झाला की उंचीत साधारण ३० फुटांचा फरक पडतो. खऱ्या विमानात हे काम दोन बोटांचं आहे. नजर बाहेर ठेवून नॉबपर्यंत हात जातो, एकदा खिडकीकडे बघितलं की झालं. माउसने तेच करायचं तर आधी नजर खाली आणायची, बाण त्या इवल्या नॉबवर नेऊन टेकवायचा, तो तिथून घसरू न देता चाक फिरवायचं. तेवढ्या वेळात विमानाचं नाक कुठे गेलं, हे कळायला परत वर बघावं लागतं. माउसला डोळे लागतात. हाताला ते लागू नयेत, यासाठीच तर कॉकपिट रचलेलं असतं.

ही गोष्ट माणसांना फार मोठी किंमत देऊन कळली. १९४३ मध्ये अमेरिकन लष्कराच्या हवाई दलात अल्फोन्स चपॅनिस नावाचे तरुण मानसशास्त्रज्ञ काम करत होते. बी-१७ सारखी बॉम्बफेकी विमानं युद्धातून सुखरूप परत यायची, नीट उतरायची, आणि धावपट्टीवर धावताधावता वैमानिक फ्लॅपऐवजी चाकंच वर घ्यायचा. विमान पोटावर बसायचं. ठपका वैमानिकावर. चपॅनिस यांनी कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं तर चाकांची कळ आणि फ्लॅपची कळ शेजारीशेजारी आणि दिसायला, हाताला, सारख्याच. सी-४७ मध्ये या दोन कळा वेगळ्या ढंगाच्या होत्या आणि तिथल्या वैमानिकांकडून ही गफलत होत नव्हती. चपॅनिस यांनी काय केलं, तर चाकांच्या कळीला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा चपटा तुकडा. गफलत थांबली. चार वर्षांनी, १९४७ मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुकांचा अभ्यास मांडला आणि त्यांतल्या कितीतरी चुकांचं मूळ कळांच्या मांडणीत सापडलं. आजही प्रवासी विमानाच्या चाकांच्या दांड्याला टोकाशी चाकाचाच आकार असतो, फ्लॅपच्या मुठीला पंखाच्या पट्टीचा. नियमातच ते आलं आहे.

ही हकीकत मी वाचली तेव्हा मला आमच्या पॅनेलवरचं इमर्जन्सी स्टॉपचं तांबडं छत्रीवालं बटण दिसायला लागलं. तळहाताने आपटता यावं म्हणून ते एवढं मोठं असतं. वर्षानुवर्षं मी ती बटणं बसवली. त्यामागे कोणीतरी माणसाच्या घाबरलेल्या हाताचा इतका जिव्हाळ्याने विचार केला असेल, हे मनात आलं नव्हतं. आता टचस्क्रीनवर आख्खं कॉकपिट काढून देणारी सोय मिळते आणि ती स्वस्त पडते. मला ती पटत नाही. काचेला कड नाही, खाच नाही, विरोध नाही. बोट कुठे टेकलंय हे बोटालाच कळत नसेल, तर पुन्हा डोळ्यांनाच राबवायचं.

जोडणीचं काम तसं सरळ आहे. आर्डुइनो मेगा हा छोटा बोर्ड घ्यायचा. त्याला चालू-बंद अशा दोनच स्थिती ओळखणाऱ्या ५४ पिना असतात आणि कमीजास्त विद्युतदाब मोजणाऱ्या १६. स्विचची एक वायर पिनेला, दुसरी ग्राउंडला. बोर्ड यूएसबीने संगणकाला. मधे मोबिफ्लाइटसारखं मोफत सॉफ्टवेअर बसतं. कोणती पिन म्हणजे विमानातला कोणता स्विच, हे त्याला एकदा समजावून द्यायचं. स्विचचा पत्रा टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका दाबाचे अनेक दाब मोजले जातात, तेवढ्या क्षणाकडे दुर्लक्ष करायलाही सॉफ्टवेअरला शिकवलेलं असतं. इथपर्यंत कोणीही जिज्ञासू मुलगा सुट्टीत पोचेल.

खरा विषय त्यापुढे सुरू होतो. कीबोर्डच्या बटणाला स्वतःची जागा नसते. दाबलं, सोडलं, परत होतं तिथे. म्हणून कीबोर्डसाठी लिहिलेली आज्ञा असते 'उलट कर' : दिवा लागलेला असेल तर विझव, विझलेला असेल तर लाव. पॅनेलवरच्या टॉगल स्विचला मात्र जागा असते. वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद, आणि तो रात्रभर तसाच राहतो. या स्विचला 'उलट कर' ही आज्ञा जोडली तर एखाद्या दिवशी दोघांची फारकत होते. हातातला स्विच वर आहे आणि पडद्यावरचा दिवा विझलेला. पुढे प्रत्येक वेळी उलटंच. दिव्याचं ठीक आहे, पण इंजिनाच्या किल्लीला पाच जागा असतात : बंद, उजवा मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा), डावा, दोन्ही आणि स्टार्ट. काल उडून झाल्यावर किल्ली 'दोन्ही'वर राहिली आणि आज सिम्युलेटरने नवं, थंड, बंद विमान समोर आणून उभं केलं, तर खरं कोणाचं मानायचं?

आमच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. मोटारीला पुशबटणाचा स्टार्टर लावला तर वीज गेल्यावर कॉन्टॅक्टर सुटतो, आणि वीज आली तरी कोणी बटण दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. तिथेच जागा धरून राहणारा सिलेक्टर स्विच लावला तर वीज आल्याबरोबर मोटार सुरू होते, मग पट्ट्यापाशी कोणाचा हात असो की नसो. म्हणजे वरकरणी एवढीशी दिसणारी ही निवड माणसाच्या बोटांची असते. त्यामुळे घरच्या पॅनेलवर मी नियम ठेवला, की हातातला स्विच सांगेल ते खरं. वर गेला की 'चालू कर', खाली आला की 'बंद कर' अशा दोन स्वतंत्र आज्ञा. किल्लीच्या प्रत्येक जागेला तिची स्वतःची आज्ञा. उड्डाण सुरू होताना आधी सगळ्या स्विचची स्थिती वाचली जाते आणि विमान त्याप्रमाणे आपलं रूप बदलतं. हे जुळल्यावर पहिल्यांदा मला पडद्यावरचं विमान खोलीत आल्यासारखं वाटलं. चित्र तेच होतं. फक्त आता पॅनेलकडे बघून विमानाची अवस्था सांगता येत होती, संगणक बंद असतानासुद्धा.

दाब लावायच्या नॉबसाठी मात्र जागा नसणंच सोयीचं. तिथे रोटरी एन्कोडर बसतो. तो गोल गोल कितीही फिरतो, त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. आत दोन संपर्क थोड्या अंतराने मागेपुढे जुळतात. आधी कोणता जुळला त्यावरून दिशा कळते. प्रत्येक टिचकीला माझ्याकडे एक हेक्टोपास्कल बदलतो. इथे टिचकीचा आवाज आणि बोटांना बसणारा हलका अडथळा फार मोलाचा, कारण मोजायचं काम त्यांच्यावर सोपवता येतं. चार टिचक्या, मग एक नजर.

सुटे भाग मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणतो. थ्रॉटलसाठी सरकता पोटेन्शिओमीटर हवा होता, दहा किलोओहमचा. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "साहेब, ऑडिओचं काम आहे का?" मी विमानाच्या थ्रॉटलचं सांगितलं, तसा त्याने काढलेला नग परत डब्यात टाकला. "मग हा ए नको. बी न्या. ए व्हॉल्यूमचा असतो, तुमचं विमान अर्ध्या दांड्यानंतर एकदम पळेल." बरोबर होतं त्याचं. आवाज कानाला सारख्या पायऱ्यांनी वाढल्यासारखा वाटावा म्हणून व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरचा रोध वक्राने वाढवलेला असतो. थ्रॉटलला सरळ रेषेत वाढणारा हवा. बोर्ड हा सगळा प्रवास शून्य ते १०२३ अशा पायऱ्यांत मोजतो. गल्लीतल्या या माणसांकडे बोटांनी मिळवलेलं जे ज्ञान आहे ते मला कुठल्याही माहितीपत्रकात इतक्या नेमक्या शब्दांत मिळालं नाही.

आमच्या सोसायटीत एक मुलगा वैमानिकाचं शिक्षण घेतोय. सुट्टीत घरी आला की माझ्याकडे येऊन बसतो. त्याच्याकडून कळलं की एअरलाइनमध्ये जाणारे शिकाऊ वैमानिक कॉकपिटचे मोठे कागदी तक्ते भिंतीवर लावतात आणि त्यांच्यासमोर खुर्ची टाकून सराव करतात. कागदावरच्या स्विचला बोट लावायचं, नाव मोठ्याने म्हणायचं, पुढच्याकडे जायचं. वीज नाही, हालचाल नाही. सिम्युलेटरचा तास महाग असतो, म्हणून तिथे जाण्याआधी हाताचा रस्ता पक्का करून घ्यायचा. मला या कागदी कॉकपिटबद्दल अतोनात आदर वाटतो. त्यात खोटं काही नाही. स्विचची जागा खरी आहे आणि तिथवर जाणारा हात खरा आहे.

जुहूहून पुण्याला यायचं उड्डाण माझं आवडतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानाने उतरले ते याच जुहूला. पावसाळ्यात तिथलं मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा टपालाच्या विमानांचा मुक्काम पुण्याला, येरवड्याकडे हलायचा. समुद्रसपाटीवरच्या जुहूहून निघून घाट ओलांडायला वर चढत गेलं की हवा विरळ होते आणि तेवढंच इंधन जास्त ठरतं. मग तांबडा नॉब सावकाश मागे घ्यायचा. इंजिनाचे फेरे थोडे वाढतात, आवाज मोकळा होतो. आणखी मागे घेतला तर ते मंदावून अडखळू लागतं. तिथून किंचित पुढे. हे कानाने आणि अंगठ्याने करायचं काम. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. उतरणीला लागलं की हवा पुन्हा दाट होत जाते, नॉब पुन्हा पुढे. माउसने मी हा प्रवास पुष्कळ वेळा केला होता, पण मिक्श्चर म्हणजे नेमकं काय, ते नॉब हातात आल्यावर कळलं.

आणि तरीही एक गोष्ट अजून साधलेली नाही, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे.

सेसनाच्या योकपासून, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या सुकाणूपासून, शेपटीपर्यंत पोलादी केबल जाते, कप्प्यांवरून. हवेचा जोर त्याच केबलने परत हाताला लागतो. वेग कमी झाला की योक सैल पडतो, आणि विमान आता हवेवर नीट टेकलेलं नाही हे हाताला आधी कळतं, घड्याळाला नंतर. घरच्या योकमध्ये असते स्प्रिंग. तिचा जोर उभ्या विमानात तेवढाच, पूर्ण वेगात तेवढाच. ट्रिमच्या, म्हणजे योकवरचा भार उतरवणाऱ्या सोयीच्या, बाबतीत तर ती उलटंच शिकवते. खऱ्या विमानात नाक हवं तिथे आणून योक धरून ठेवायचा आणि ट्रिमचं चाक फिरवत जायचं. हात तिथेच राहतो, हातावरचा भार उतरत जातो. स्प्रिंगचा भार उतरतच नाही. म्हणून चाक फिरवताफिरवता योकच मध्यावर आणून सोडावा लागतो.

एअरबस ए-३२० घरी बसून उडवणाऱ्याला ही अडचण येत नाही. तिथल्या साइडस्टिकमधून केबल जात नाही, संगणकाला इशारा जातो, आणि तिला मध्यावर आणतात त्या स्प्रिंगाच. नेहमीच्या उड्डाणात ट्रिम आपोआप होतो. ऑटोथ्रस्ट चालू असताना थ्रस्टचे दांडे जागचे हलत नाहीत. टेबलावरची जॉयस्टिक तिथे खऱ्याच्या पुष्कळ जवळ पोचते. बोइंग ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल दांडे खरोखर पुढेमागे करतो, ट्रिमचं चाक गरगर फिरतं. घरी ते आणायचं तर मोटारी लागतात. लहान, जुन्या घडणीचं सेसना सोपं असेल असं वाटतं, पण हाताच्या बाबतीत तेच सगळ्यात कठीण आहे, कारण तिथे हात आणि हवा यांच्यामध्ये कोणीच नसतं.

मागच्या सुट्टीत तो मुलगा आला तेव्हा त्याची खऱ्या विमानातली उड्डाणं सुरू झाली होती. मी ट्रिमबद्दल विचारलं. तो म्हणाला, "काका, सरांनी सांगितलं हात काढ. मी भीतभीत बोटं उघडली, तर विमान तसंच सरळ चाललेलं. तोपर्यंत मी योक नुसता आवळून धरत होतो." मग माझ्या योकवर हात ठेवून त्याने दाखवलं, की उतरायच्या वेगाला तो किती हलका लागतो आणि पूर्ण वेगात किती घट्ट.

त्याच्या हाताने दाखवलेल्यात हिशेब आहे. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. शेपटीची पट्टी तेवढीच वळवली तर १२० नॉटला जितका जोर लागेल त्याच्या चौथाई ६० नॉटला. सिम्युलेटरकडून वेग दर क्षणाला मिळतो. योकच्या दांड्याला दात्यांच्या पट्ट्याने मोटार जोडायची, वेग बघून तिचा विद्युतप्रवाह कमीजास्त करायचा, आणि ट्रिमचं चाक फिरलं की जिथे जोर शून्य व्हायचा ती जागा सरकवायची. स्प्रिंग काढून टाकायची. मोटार आणली आहे, ड्रायव्हर बोर्ड टेबलावर तपासून झाला आहे, पट्ट्याचा ताण अजून बसत नाही. कमी ठेवला तर दात सुटतात, जास्त ठेवला तर मोटारीचं स्वतःचं घर्षण हाताला लागतं आणि तेही खोटंच. दिवाळीत तो मुलगा येईल तोवर निदान नाक वरखाली करणारी बाजू चालू करायची आहे. पहिली तपासणी त्यालाच करू देणार, कारण खऱ्या योकचं वजन आम्हा दोघांत फक्त त्याच्या मनगटाला माहीत आहे.